हो म्हणण्याआधी

नवरा-बायकोचं बिनसलंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? आईला? आईला कळतं, पण ती ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. मित्रमैत्रिणींना? त्यांना अ‍ॅनिव्हर्सरीचा फोटो दिसतो, केक दिसतो, केकमागचे दोन हसरे चेहरे दिसतात. संपलं. बरोब्बर कळतं ते बहिणीला. ताईने फोनवर नुसतं ‘हं, बोल’ म्हटलं, तरी त्या ‘हं’वरून धाकटीला कळतं की आज काहीतरी झालंय. आणि गंमत म्हणजे दोघीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. कांदा महागलाय, ऑफिसात अप्रेझल चालू आहे, बाबांची शुगर वाढलीय असं अर्धा तास बोलतात आणि फोन ठेवतात.

तर मंडळी, या आठवड्याचा सिनेमा त्या ‘हं’बद्दल आहे. सत्यजित राय यांचा ‘कांचनजंघा’. साल १९६२. भाषा बंगाली. थांबा, थांबा, लगेच पान उलटू नका! राय म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला पक्कं माहितेय. ब्लॅक अँड व्हाइट, गरिबी, पाऊस, लांबून जाणारी आगगाडी आणि फिल्म क्लबमधले झब्बेवाले काका. हा सिनेमा तसा नाहीये. हा रायांचा पहिला रंगीत सिनेमा. कुणाच्या कथा-कादंबरीवर न बेतता त्यांनी स्वतःच्या डोक्यातून लिहिलेली ही पहिली पटकथा. यातली माणसं पैसेवाली आहेत, सुटीवर आहेत, छान कपडे करून दार्जिलिंगला फिरताहेत आणि बोलता बोलता आपल्यासारखीच मध्येच इंग्रजीत घुसताहेत. लांबी पावणेदोन तासांच्या आत. म्हणजे शनिवारी दुपारी जेवून बसलात, तर चहाच्या वेळेआधी मोकळे!

एक फेरफटका, बस्स

स्टोरी सांगते. सगळी सांगितली तरी काही बिघडत नाही, कारण या सिनेमात ‘घडतं’ असं फार कमी. एक कुटुंब हॉटेलातून बाहेर पडतं आणि फिरायला जातं. एवढंच. दार्जिलिंगच्या चौरस्त्यावरून निघून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून परत चौरस्त्यावर येणारा जो रस्ता आहे ना, त्याच्या आसपास अख्खा सिनेमा होतो. आपल्याकडून टूरबरोबर गेलेल्यांनी पहाटे टायगर हिलची वारी झाल्यावर पेंगत पेंगत तिथे एक चक्कर मारलेली असेल. पडद्यावरचा वेळ आणि आपल्या मनगटावरचा वेळ जवळजवळ बरोबरीने चालतो. फ्लॅशबॅक नाही, ‘दहा वर्षांनंतर’ नाही.

आता मंडळींची ओळख. वडील इंद्रनाथ रायचौधुरी. पाच कंपन्यांचे चेअरमन. ब्रिटिशांनी दिलेली ‘रायबहादूर’ पदवी स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनीही कोटाच्या कॉलरसारखी ताठ ठेवणारे. आई लावण्या. ती गप्प असते. मोठी मुलगी अणिमा, तिचा नवरा शंकर आणि त्यांची छोटी लेक टुकलू. मुलगा अनिल, ज्याचं एकूण लक्ष सुटीवर आलेल्या पोरींकडे. धाकटी मनीषा, कॉलेजात शिकणारी. आईचे भाऊ जगदीश, गळ्यात दुर्बीण, नजर झाडावर, पक्षी सोडून दुसरं काही न दिसणारे मामा. आणि बॅनर्जी. परदेशात शिकून आलेला इंजिनिअर, उत्तम नोकरी, उत्तम घराणं. आपल्याकडच्या विवाहाच्या साइटवर असता, तर त्याच्या प्रोफाइलवर पहिल्याच दिवशी उड्या पडल्या असत्या.

सुटीचा हा शेवटचा दिवस. आज बॅनर्जी मनीषाला लग्नाचं विचारणार आणि मनीषा ‘हो’ म्हणणार असं बाबांनी ठरवलंय. बाबांचं आणखी एक काम बाकी आहे. कांचनजंघा बघायचं. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला कांचनगंगा म्हणायचो तेच, ८,५८६ मीटर, जगात तिसऱ्या नंबरचं शिखर. इतके दिवस इथे राहिले, पण ढगांमुळे ते काही दिसलेलं नाही. मुलीचा होकार आणि डोंगराचं दर्शन, दोन्ही आज व्हायला हवंय. रायबहादूरांना डोंगरानेही अपॉइंटमेंट पाळावी असं वाटतं!

ताईची गोष्ट

सिनेमाच्या जाहिरातीत धाकटीची गोष्ट सांगतात. मला विचाराल तर हा सिनेमा ताईचा आहे.

अणिमाचं लग्नाआधी एकावर प्रेम होतं. बाबांनी शंकर ठरवला. तेव्हा ती ‘हो’ म्हणाली. तिला कुणी विचारलं होतं का, हा वेगळा प्रश्न. लग्न झालं, मुलगी झाली आणि त्या माणसाची पत्रं येतच राहिली. शंकर पितो, रेसमध्ये पैसे घालवतो. बाहेरून पाहणाऱ्याला सरळ हिशोब दिसतो: नवरा उडाणटप्पू, बिच्चारी बायको. मग दोघं एका बाकावर बसतात आणि आपल्याला कळतं की शंकरला पत्रांचं माहीत आहे. आज कळलेलं नाही, खूप आधीपासून माहीत आहे.

हा सीन मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. कुणी ओरडत नाही. कुणी थोबाडीत मारत नाही. मागे व्हायोलिनचा पूर येत नाही. दोघं मध्ये हातभर जागा सोडून बसलेत. एक वाक्य, मग शांतता. मग दुसरं वाक्य. नवराबायकोच्या खऱ्या भांडणात असतं तसंच, की महत्त्वाचं वाक्य समोरच्याकडे बघून बोलताच येत नाही. कुठेतरी झाडाकडे, रस्त्याकडे बघून बोलावं लागतं. आणि लांबून टापांचा आवाज येतो. टुकलू घोड्यावर बसून टेकडीला चकरा मारतेय. ती येते, आईबाबांसमोरून जाते, पुन्हा वळसा घालून येते. तिला काहीच माहीत नाही. किंवा आहे. मुलांचं सांगता येत नाही.

वेगळं व्हायचं का, हा प्रश्नसुद्धा त्या बाकावर निघतो. १९६२मध्ये तो किती जड होता हे समजायला थोडा कायदा सांगते, बोअर होऊ नका. हिंदू विवाह कायदा आला १९५५मध्ये. म्हणजे या बाकावर दोघं बसले तेव्हा हिंदू जोडप्यांसाठी देशभर घटस्फोटाची वाट खुली होऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. आणि ‘आमचं पटत नाही, आम्ही दोघं समजुतीने वेगळे होतोय’ असं म्हणायची सोय त्या कायद्यात आली थेट १९७६मध्ये. तोपर्यंत कोर्टात कुणीतरी एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा, वकिलाकरवी, सगळ्यांदेखत. शंकर आणि अणिमासमोर असलेला रस्ता तो होता. सिनेमात कायद्याचा धडा नाही, पण हे माहीत असलं की त्यांची प्रत्येक शांतता दुप्पट ऐकू येते.

शेवटी काय होतं? टुकलूसाठी दोघं पुन्हा प्रयत्न करून बघायचं ठरवतात. पोर येते, दोघं तिला जवळ घेतात.

मी हा सिनेमा एकदा माझ्या ताईबरोबर पाहिला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तिच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उशीवर ठेवून आम्ही दोघी बघत बसलो. बाकाचा सीन संपला आणि मी म्हटलं, ‘बघ, पुन्हा तेच. पोरीसाठी थांबली. आपल्याकडे सगळ्या पोरांसाठीच थांबतात.’ मला वाटलं होतं, ती मान डोलावेल. ती म्हणाली, ‘नाही गं. पोर तर काल पण होती. आज फरक इतकाच पडला की दोघांनाही कळलं, समोरच्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो गेला नाही. म्हणून थांबले.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘चहा टाकतेस?’

मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही. टुकलू नसती तर अणिमा त्या बाकावरून उठून गेली असती, असं मला वाटतं. शंकरला माहीत होतं आणि तो गप्प राहिला, हा मोठेपणा की भित्रेपणा, यावरही आमचं एकमत नाही. पण चांगला सिनेमा तोच ना, ज्याच्यावर दोन बहिणी वर्षानुवर्षं भांडू शकतात?

बॅनर्जी व्हिलन नाहीये

आता धाकटीकडे येऊ. मनीषाला बॅनर्जीशी लग्न करायचं नाहीये. पण करायचं काय, हेही तिला ठाऊक नाही. ती नाही म्हणत नाही. ती विषय बदलते, पुढे चालते, मागे राहते, कुणी ओळखीचं दिसलं की हुश्श करते. कांदेपोह्यांच्या दुसऱ्या भेटीत, कॅफेत, मेन्यूकार्ड जरा जास्तच वेळ वाचणाऱ्या मुलींना हे सगळं ओळखीचं वाटेल. आणि बॅनर्जी बिचारा प्रत्येक वेळी मुद्द्यावर येऊ बघतो.

या जागी आपला हिंदी सिनेमा काय करतो? बॅनर्जीला बावळट करतो, नाहीतर नीच. म्हणजे हिरॉइनने त्याला सोडलं की आपण टाळ्या वाजवायला मोकळे. राय तसं करत नाहीत. बॅनर्जी थोडा आत्मसंतुष्ट आहे, थोडा रटाळ आहे, पण सभ्य आहे. ती नाही म्हणत नाहीये आणि हो तर मुळीच म्हणणार नाहीये, हे त्याला आपलं आपण समजतं. तेव्हा तो चिडत नाही. तो तिला मोकळं करतो. आणि जाता जाता जे बोलतो त्याचा मतितार्थ असा: आत्ता या डोंगरात, या धुक्यात तुला प्रेम हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटत असेल. कलकत्त्याला परत गेलीस आणि कधी वाटलं की प्रेमापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची, किंवा सुरक्षिततेतूनही प्रेम उगवू शकतं, तर मला कळव.

काय बोललाय बघा! यात टोमणा आहे का? थोडा असेल. पण तो चूक बोलतोय का? हे वाक्य ऐकून मी सिनेमा दोन मिनिटं पॉज केला होता. कारण हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, फक्त आपण तो ‘पॅकेज’, ‘सेटल्ड’, ‘स्वतःचा फ्लॅट’ अशा शब्दांत विचारतो. पंचविशीत आपण म्हणतो, प्रेम. तिशी जवळ आली, घरभाडं वाढलं, मैत्रिणींच्या बारशांना जाऊन आलो की आवाज जरा खाली येतो. माझी एक मैत्रीण (नाव नको, ती हे पान वाचते) म्हणते, ‘मला स्पार्क नको आता, पीएफ असलेला माणूस हवा.’ हसते आणि म्हणते. पण म्हणते.

रायांचं कौतुक यासाठी की ते उत्तर देत नाहीत. ते फक्त दोन बहिणी एका रस्त्यावर सोडतात. धाकटी त्या प्रश्नाच्या अलीकडे उभी आहे, मोठी पलीकडे. मोठीने सुरक्षितता घेतली, किंवा तिच्या गळ्यात घातली गेली, आणि तिचं पुढे काय झालं ते बाकावर बसलेलं दिसतंय. मनीषाला स्वतःचं भविष्य बघायला ज्योतिषाकडे जायची गरजच नाही. ते शंभर पावलांवर नवऱ्याशी बोलतंय.

आणि तरीही गोष्ट इतकी सोपी नाही. अणिमाचं बिघडलं ते शंकर सुरक्षित होता म्हणून नाही. बिघडलं, कारण तिला विचारलंच नव्हतं आणि मग पुढची सगळी वर्षं दोघांनी एकमेकांनाही काही विचारलं नाही. मला या सिनेमात सापडलेली गोष्ट ही आहे. प्रेमविवाह की ठरवून, हा वाद आपण कॉलेजच्या कट्ट्यापासून घालतोय. ‘कांचनजंघा’ म्हणतो, तो मुद्दा दुय्यम. मुद्दा हा की हो म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणायची खरीखुरी जागा होती का? नसेल, तर त्या ‘हो’ला काही किंमत नाही, मग समोर बॅनर्जी असो, शंकर असो नाहीतर कॉलेजातला प्रियकर.

आई बोलते तेव्हा

ही जागा मनीषाला मिळते कुठून? थोडी बॅनर्जीकडून. थोडी अशोककडून. अशोक हा कलकत्त्याहून काकांबरोबर आलेला बेकार तरुण. काका एके काळी या घरातल्या मुलाची शिकवणी घेत असत, म्हणून ते पुतण्याला रायबहादूरांपुढे उभं करतात: साहेब, याच्यासाठी काहीतरी बघा. रायबहादूर त्याला चालता चालता भलंमोठं लेक्चर देतात. इंग्रजांचं राज्य कसं छान होतं, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांचं काय झालं आणि ते स्वतः कसे आज इथवर पोचले. आणि लेक्चरच्या शेवटी नोकरी देऊ करतात. अशोक चक्क नाही म्हणतो!

तुमच्यापैकी ज्यांनी नोकरी शोधत सहा-सहा महिने काढलेत, त्यांना त्या ‘नाही’ची किंमत कळेल. पण मजा पुढे आहे. तो मनीषाला प्रामाणिकपणे सांगतो की कलकत्त्यात असतो तर घेतली असती. इथल्या हवेत, या डोंगरापुढे कुठून बळ आलं कुणास ठाऊक. आता परत गेल्यावर पश्चात्ताप होईल का, तेही त्याला माहीत नाही. म्हणजे बॅनर्जी जे म्हणाला तेच, उलट्या बाजूने. दार्जिलिंगमध्ये आपण शूर असतो, खरी परीक्षा सोमवारी सकाळी. मनीषा त्याला म्हणते, कलकत्त्याला आमच्या घरी ये. बस, त्यांची लव्हस्टोरी इतकीच. लव्हस्टोरी म्हणायची की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

पण सगळ्यात मोठी हालचाल करते ती आई. लावण्याचं काम केलंय करुणा बॅनर्जी यांनी. ‘पथेर पांचाली’मधली (१९५५) सर्वजया आठवते? फाटकं लुगडं, रिकामं डबडं, करारी तोंड. तीच बाई इथे भारी साडीत, श्रीमंत घरात, आणि तिच्या तोंडाला मात्र कुलूप. सर्वजया गरीब होती पण बोलायची तरी. लावण्या नवऱ्याच्या मागून चालते. मग एका क्षणी ती एकटी बसते आणि रवींद्रनाथांचं एक गाणं स्वतःशीच गाते. कुणाला ऐकवायला नाही. बऱ्याच वर्षांनी कपाट उघडावं आणि आतली एखादी जुनी साडी हाताला लागावी, तसं ते गाणं येतं. भाऊ ते ऐकतो. आणि ती भावाला सांगते की धाकटीच्या वेळी मात्र मी गप्प बसणार नाही.

नवऱ्यापुढे ती भाषण ठोकत नाही. पण ज्या बाईने मोठीच्या वेळी तोंड उघडलं नाही, तिने हे ठरवणं म्हणजे त्या घरातला भूकंपच. आणि ठरवायला तिला काय लागलं? एक बाक, एक गाणं आणि ऐकणारा एक माणूस.

डोंगर दिसतो, पण...

थोडं कारागिरीबद्दल, कारण ‘नॅचरल’ सिनेमा म्हणजे कॅमेरा लावला आणि माणसं सोडली असं आपल्याला वाटतं. इथे हवामान हेच एक पात्र आहे. आधी ऊन, मग ढग, मग धुकं, मग पुन्हा ऊन. माणसांची मनं मोकळी व्हायची वेळ आणि धुकं विरायची वेळ हातात हात घालून येतात. दार्जिलिंगची हवा तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून कुठला प्रसंग उन्हात, कुठला धुक्यात हे रायांनी आधीच आखून ठेवलं होतं. धुकं उतरलं की युनिटने धुक्यातल्या प्रसंगाकडे धावायचं, ऊन पडलं की उन्हातल्या. कॅमेरा सुब्रत मित्र यांचा. एकाच दुपारची गोष्ट असल्यामुळे कुणी कपडे बदलत नाही. त्यामुळे कोण कुठल्या रंगात आहे हे आपल्या डोक्यात बसतं आणि धुक्यात नुसता रंग हलला तरी माणूस ओळखू येतो.

आणि शेवट. बाबा ठरलेल्या जागी येऊन उभे राहतात. कुणीच नाही. बायको नाही, मुली नाहीत, होणारा जावई नाही. ते हाका मारतात. आणि नेमकं तेव्हाच धुकं उठतं आणि मागे कांचनजंघा लख्ख उभं राहतं. ज्याच्यासाठी इतके दिवस थांबले, ते समोर आलंय. आणि त्यांचं तिकडे लक्षच नाही. ही भूमिका केलीय छबि विश्वास यांनी, ‘जलसाघर’मधला (१९५८) तो पडका जमीनदार. सिनेमा मे १९६२मध्ये लागला आणि जूनमध्येच ते मोटार अपघातात गेले. त्या शेवटच्या हाका ऐकताना हे आठवतं आणि पोटात कालवतं. कारण राय या माणसालाही व्हिलन करत नाहीत. त्याला मुलींचं वाईट करायचं नव्हतं. मुलींना विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तेव्हा सिनेमा फारसा चालला नाही. चार-चार गोष्टी एकदम, हिरो नाही, लग्न नाही, घटस्फोट नाही, लोक गोंधळले. आज आपल्याला हे सवयीचं झालंय. झोया अख्तरचा ‘दिल धडकने दो’ (२०१५) आठवतोय? श्रीमंत बाप, गप्प आई, लग्नात घुसमटणारी मोठी मुलगी, सुटी, सगळे एका बोटीवर. तिथे बोट आहे, इथे टेकडी. तो आवडला असेल तर हा त्याचा आजोबा समजून बघा. आजोबा कमी बोलतो, पण लक्षात राहतं ते त्याचंच.

बघताना दोन पथ्यं पाळा. एक, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण पहिली पंधरा मिनिटं कोण कुणाचं कोण हे लावण्यातच जातात. दोन, सबटायटल्स वाचण्याच्या नादात चेहरे सोडू नका. या घरात महत्त्वाचं ते बरेचदा न बोलताच सांगितलं जातं.

आणि आवडलाच, तर पुढच्या वीकएण्डसाठी नाव लिहून ठेवा: ‘महानगर’, १९६३. रायांचाच. घर चालवायला नोकरीला लागलेली आरती, तिची पहिली पगाराची पाकिटं आणि तिच्या पगाराने अस्वस्थ होणारा नवरा. नवऱ्याच्या भूमिकेत कोण? तोच अनिल चॅटर्जी, जो इथे दार्जिलिंगमध्ये पोरींच्या मागे फिरत असतो. लग्न झालं की माणूस किती बदलतो, बघा!